उपनगरातला रस्ता चालण्याजोगा कसा करायचा? आधी सांधे, मग ट्रॅक

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पश्चिमेकडचे एक उपनगर. पंधरा वर्षांपूर्वी जिथे शेती होती तिथे आज आठ मोठ्या सोसायट्या आहेत. मधून १८ मीटर रुंदीचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, जातो. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला पीएमपी बसचा थांबा, मध्ये दीड किलोमीटर अंतर. पदपथ आहे, पण त्यावरून कोणी चालत नाही. रहिवाशांनी समिती केली आहे आणि नगरसेवकांनी निधीची तयारी दाखवली आहे. आता सायकल ट्रॅक मागावा की पदपथ रुंद करून मागावा, यावरून समितीत दोन तट पडले आहेत. काय मागावे आणि कसे मागावे?

रस्त्यांच्या रचनेचे काम मी बावीस वर्षे करतो आहे. माझे उत्तर असे, की सध्या या दोन्हींपैकी काहीच मागू नका. सांधे दुरुस्त करून मागा.

पदपथ जिथे तुटतो ती जागा म्हणजे सांधा. सोसायटीचे फाटक, गल्लीचे तोंड, चौकाचा कोपरा, रस्ता ओलांडायची जागा, बस थांब्याची मागची बाजू, विजेची पेटी, उघडे चेंबर. मधला पदपथ कितीही गुळगुळीत असो, दर चाळीस-पन्नास मीटरला एक फूटभर पायरी उतरायची आणि पुन्हा चढायची असेल, तर माणूस दुसऱ्या फाटकाशी खाली उतरतो आणि परत वर येत नाही. मग पदपथ रिकामा दिसतो. रिकाम्या पदपथावर दुचाक्या लागतात. दुचाक्या लागल्या की चालणारे उरलेसुरलेही खाली येतात. तुमच्याकडे नेमके हेच झाले असणार. लोकांना चालायचे नाही असा याचा अर्थ काढू नका.

हे मी एका चुकीतून शिकलो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहराच्या उपनगरात आम्ही १.२ किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. रुंदी दोन मीटर, लाल रंग, काम निविदेप्रमाणे चोख. त्या लांबीत सोसायट्यांची आणि दुकानांची मिळून सतरा तोंडे होती आणि प्रत्येक तोंडाशी ट्रॅक खाली उतरून पुन्हा वर चढत होता. उद्घाटनानंतर तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी साडेसहाला तिथे जाऊन उभा राहिलो. रात्रपाळी संपवून निघालेले सुरक्षारक्षक, गवंडी, माळी, पेपर टाकणारी मुले एकामागून एक सायकलवरून गेली, आणि सगळी मुख्य रस्त्यावरून. एकाला थांबवून विचारले, ट्रॅकवरून का नाही जात? तो म्हणाला, "साहेब, डबा सांडतो." हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा प्रत्येक उतारावर हिंदकळत होता. मी आराखडा वरून पाहून मंजूर केला होता, एल-सेक्शन, म्हणजे लांबीभर चढउतार दाखवणारा उभा छेद, तपासलेच नव्हते. वर्षभरात त्या ट्रॅकवर चारचाकी उभ्या राहू लागल्या. तेव्हापासून मी कुठल्याही रस्त्याचे काम हातात घेतले की पहिल्यांदा तोंडे मोजतो.

तुम्हीही तेच करा. एका रविवारी सकाळी सात-आठ जण निघा. एक मोजपट्टी, खडू, फोनचा कॅमेरा आणि कागदावर काढलेला रस्त्याचा लांबट नकाशा एवढे पुरे. सोबत गुडघे दुखणारे कोणी आजोबा किंवा आजी, बाळाची गाडी ढकलणारी आई आणि शाळेतली दोन मुले घ्या. व्हीलचेअर वापरणारे कोणी जवळपास असतील तर त्यांना आवर्जून विचारा. थांब्यापासून शाळेपर्यंत पदपथावरूनच चालायचे. जिथे खाली उतरावे लागेल तिथे खडूने फुली मारायची, फोटो काढायचा, नकाशावर क्रमांक टाकायचा आणि कारण लिहायचे. रोहित्र, झाड, फ्लेक्सचा खांब, पेव्हर ब्लॉक उखडलेले, राडारोडा, टपरी, रॅम्प, जे असेल ते. परतीला दुसऱ्या बाजूने या. दीड किलोमीटरला दोन-अडीच तास लागतील.

मोजायचे काय? इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, आयआरसी १०३, सांगते की चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा पूर्ण मोकळी हवी. मोकळी म्हणजे खांब, झाड, फलक काहीही मध्ये न येता. त्यामुळे पदपथाची एकूण रुंदी लिहू नका, सर्वांत अरुंद ठिकाणी उरलेली रुंदी लिहा. कर्बची, म्हणजे पदपथाच्या रस्त्याकडच्या दगडी कडेची, उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्या उपनगरांत ती सर्रास २५-३० असते, कारण दर डांबरीकरणाआधी पदपथ उचलायची सवय ठेकेदारांना लागली आहे. रॅम्पचा चढ १:१२, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी. ही तीन मापे पाठ असली की कनिष्ठ अभियंत्याशी बोलणे एकदम बदलते. "पदपथ खराब आहे" या तक्रारीवर त्याला काही करता येत नाही. "क्रमांक ११, फाटकाशी पायरी ३२ सेंटीमीटर, १५ हवी" या ओळीवरून तो पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करू शकतो.

आता फाटकांचे. याबद्दल थोडे कडू बोलावे लागेल, कारण इथे दोष बहुतेक वेळा महापालिकेचा नसतो, आपला असतो. गाडीचा खालचा भाग घासू नये म्हणून सोसायट्या फाटकाबाहेर काँक्रीटचा रॅम्प ओततात आणि तो पदपथ ओलांडून थेट रस्त्यापर्यंत आणतात. पदपथ तिथे कापला जातो. कुठे सुरक्षारक्षकाची केबिन सीमाभिंतीबाहेर आलेली असते, कुठे शोभेच्या कुंड्या. योग्य रचना अगदी उलटी असते. फाटकासमोर पदपथ त्याच पातळीवर सलग जातो आणि गाडी त्यावर चढून जाते. चढ पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेला, झाडे आणि खांब असतात त्या पट्ट्यात, दीडेक मीटरमध्ये संपवायचा. फरशीचा रंगही बदलायचा नाही, म्हणजे चालकाला कळते की तो चालणाऱ्यांच्या जागेतून जातो आहे आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. गाड्या पदपथावर चढून लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, लावावे लागतात. त्यातले किमान एक अंतर १.२ मीटर ठेवा. दुचाकी अडवायच्या नादात ते त्याहून कमी ठेवले तर व्हीलचेअरही अडू शकते.

म्हणून महापालिकेत जाण्यापूर्वी आठही सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांकडून एका ओळीचा ठराव घ्या, की आमच्या फाटकासमोरचा रॅम्प काढून पदपथ सलग करायला आमची हरकत नाही. नव्वद टक्के कामे या ठरावाअभावी अडलेली मी पाहिली आहेत असे म्हणणार नाही, पण ज्या रस्त्यांवर हा ठराव हातात होता तिथे काम सुरू झाल्यावर कोणी जेसीबीसमोर येऊन उभे राहिले नाही, एवढे खात्रीने सांगतो.

रस्ता ओलांडण्याच्या जागा हा सर्वांत महत्त्वाचा सांधा, कारण जीव तिथे जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, जवळपास पाचातला एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. म्हणून शाळेसमोर नुसते पांढरे पट्टे मागू नका, उंच क्रॉसिंग मागा. त्याला टेबलटॉप म्हणतात. पदपथाच्या पातळीवर, १५ सेंटीमीटर उंच, वर किमान तीन मीटर सपाट आणि दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी लांब चढ. मूल पदपथावरून न उतरता पलीकडे जाते आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. गल्लीबोळांत ओतलेले अरुंद, टोकदार गतिरोधक हे काम करत नाहीत. ते दुचाकीवाल्याचा मणका दुखावतात आणि मोठ्या गाडीला फारसे जाणवत नाहीत. आयआरसीच्या जुन्या मानकातला गोलाकार गतिरोधकसुद्धा ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तुमच्या गल्लीतला एकदा मोजून पाहा. टेबलटॉपच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. चढाच्या बाजूला पाणी तुंबते, त्यामुळे त्याच्या अलीकडे पावसाळी चेंबर हवेच. आराखड्यात ते दाखवले आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

थांब्याजवळच्या चौकात सिग्नल असेल तर फोनचे घड्याळ लावा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून सिग्नलची वेळ ठरवतात. चौकात कडेपासून कडेपर्यंत १८ मीटर ओलांडायचे असतील, तर त्या हिशेबाने १५ सेकंद लागतात. पण काठी घेऊन चालणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा वेगाने जात नाहीत, त्यांना साडेबावीस सेकंद लागतात. उरलेले साडेसात सेकंद त्या गाड्यांच्या तोंडी असतात. वाहतूक शाखेला हा हिशेब लिहून पत्र द्या. सिग्नलची वेळ बदलायला निविदा लागत नाही. त्याच चौकातले कोपरे पाहा. कोपरा मोठा गोल असेल तर गाडी वेग न कमी करता वळते. कोपरा बाहेर काढून वळण घट्ट केले की ओलांडायचे अंतर दोन-चार मीटरने कमी होते आणि वळणाऱ्या गाडीचा वेगही उतरतो. सुरुवातीला हे काम रंग आणि प्लॅस्टिकचे खांब वापरून महिनाभर करून बघता येते. दुकानदारांचा विरोध अशा प्रयोगात जितका निवळतो तितका बैठकांत निवळत नाही.

पादचारी पूल कोणी देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. शहरी रस्त्यावर खाली ५.५ मीटर मोकळी उंची सोडावी लागते. १५ सेंटीमीटरची पायरी धरली तर चढायलाच सदतीस पायऱ्या होतात, शिवाय पुलाची जाडी, आणि तेवढ्याच पुन्हा उतरायच्या. भाजीची पिशवी घेतलेली बाई तो चढणार नाही, ती दुभाजकातल्या फटीतूनच जाणार.

सायकलीकडे येतो. तुमच्या समितीतल्या ट्रॅकवाल्या मंडळींच्या तळमळीला मी कमी लेखत नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर होते आणि ती आठवण खरी आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांबरोबर, सायकल ट्रॅक केले गेले. २०१७ मध्ये शहराचा सर्वसमावेशक सायकल आराखडा महापालिकेने मंजूर केला. तरीही आज सलग पाच किलोमीटर ट्रॅकवरून जाता येईल असा मार्ग शोधावा लागतो, कारण तुकड्यांना जोडणारे सांधे झाले नाहीत. तुमच्या १८ मीटर रस्त्यात वेगळा ट्रॅक बसवायला गेलात तर पदपथ किंवा झाडे जातील. हिशेब करून पाहा. दोन्ही दिशांची मिळून ७ मीटर गाड्यांची वाट. प्रत्येक बाजूला साडेपाच मीटर उरतात. त्यांत २ मीटर झाडे, खांब, बस थांबा आणि जिथे जमेल तिथे पार्किंग, अडीच मीटर चालायला, आणि भिंतीलगत किंवा दुकानांसमोर १ मीटर. संपले. अशा रस्त्यावर सायकल गाड्यांबरोबरच चालवायची असते आणि त्यासाठी गाड्यांचा वेग ताशी ३०च्या आत ठेवावा लागतो. टेबलटॉप, घट्ट कोपरे, गाड्यांची अरुंद वाट, हे सगळे पादचाऱ्यांसाठी म्हणून मागितलेले काम सायकलवाल्यालाही तेवढेच उपयोगी पडते. वेगळा ट्रॅक ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यांवर मागा, जिथे वेग जास्त असतो.

उपनगरात सायकलसाठी आणखी एक गोष्ट करता येते आणि तिला जवळजवळ खर्च नाही. जोडवाटा उघडा. सोसायट्यांच्या लांबलचक सीमाभिंतींमुळे सरळ रेषेत तीनशे मीटरवर असलेली शाळा रस्त्याने एक किलोमीटर होते. दोन भूखंडांमधली मोकळी जागा, नाल्याकाठचा रस्ता, उद्यानाचे मागचे फाटक, अशा ठिकाणी दीड-दोन मीटरची वाट, दिवे आणि मोटारसायकल अडवणारे खांब एवढे केले की मुले सायकलवर जाऊ लागतात. दिवे मात्र हवेतच. अंधारी जोडवाट मुली आणि बायका वापरत नाहीत आणि त्यांनी न वापरलेली वाट काही महिन्यांत कचऱ्याची होते.

आणि सर्वेक्षण करताना सायकलवाले कोण आहेत ते नीट पाहा. रविवारी हेल्मेट घालून निघणारे समितीत आधीच आहेत. रोज सायकल चालवणारे मात्र सकाळी सहा ते आठ आणि पाळी सुटल्यावर दिसतात. त्यांच्या सायकली सोसायटीच्या आत घेऊ देत नाहीत म्हणून विजेच्या खांबाला बांधलेल्या असतात. प्रत्येक सोसायटीने कामगारांच्या सायकलींसाठी फाटकाजवळ छपराखाली दहा-बारा जागा द्याव्यात, हा ठराव तुमची समिती याच महिन्यात करू शकते.

दुकानदार आणि पथारीवाले यांना शेवटी नव्हे, आधी भेटा. औंधच्या डीपी रस्त्यावर आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला जागा झाल्या, आणि दोन्हीकडे पार्किंगवरून वादही झाले. मला तिथे जाणवलेली गोष्ट अशी, की रुंद पदपथ जिथे बोलार्ड लावून, सावली ठेवून आणि पार्किंगच्या जागा स्पष्ट आखून झाला तिथे तो चालणाऱ्यांचा राहिला. जिथे यातले एक राहून गेले तिथे लगेच दुचाक्या चढल्या. भाजीवाल्या मावशींना हटवू नका. २०१४च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना उपजीविकेचे संरक्षण आहे. शिवाय संध्याकाळी साडेआठला रस्ता सुरक्षित वाटतो तो त्यांच्या दिव्यामुळे. झाडांच्या पट्ट्यात त्यांना आखलेली जागा द्या, १.८ मीटर मोकळे ठेवायला सांगा. आजवर मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकींनी ते पाळले आहे, कारण गिऱ्हाईक चालतच येते हे त्यांना आपल्याहून चांगले कळते.

आता पैसा आणि वेळ. नगरसेवकांच्या निधीतून तुकडा होईल, पण त्याला महापालिकेच्या पथ विभागाच्या कामाची जोड द्या. तुमच्या रस्त्याचे पुढचे डांबरीकरण कधी, जलवाहिनी किंवा वीजवाहिनीची खोदाई ठरली आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. खोदाईनंतर रस्ता पूर्ववत करावाच लागतो. तेव्हाच पदपथ नव्या पातळीवर आणला तर खर्चाचा मोठा भाग वाचतो. नाहीतर डिसेंबरमध्ये बसवलेली फरशी मार्चमध्ये उखडते. पुण्यात नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. तिचे अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतले जातात. एका कामाला रकमेची मर्यादा असते, त्यामुळे प्रत्येक टेबलटॉप, प्रत्येक फाटक असा वेगळा अर्ज करा. तुमच्या नकाशावरचे क्रमांक इथे कामी येतात. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद होते, म्हणून कार्यादेश डिसेंबर-जानेवारीत निघेल असा पाठपुरावा ठेवा.

हातात कागद हवेत. पुण्याचे पादचारी धोरण २०१६चे आहे, ते जोडा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पदपथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ कलमानुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे पत्रात एका परिच्छेदात लिहा, धमकीच्या सुरात नको. मी असंख्य अभियंत्यांसोबत काम केले आहे. त्यांच्यावर गाड्यांची कोंडी सोडवण्याचा रोजचा दबाव असतो आणि पदपथ मागणारा माणूस क्वचितच दारात येतो. मापे घेऊन आलेले नागरिक दिसले की त्यांनाही वरिष्ठांकडे मांडायला आधार मिळतो.

निविदा निघाली की माहिती अधिकारात पूर्वगणनपत्रक, आराखडा आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, यांची माहिती मागवा. तीस दिवसांत मिळायला हवे. काम चालू असताना समितीतल्या दोघांनी रोज एक चक्कर मारावी आणि फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. फरशीखाली काँक्रीटचा थर पडतो आहे की नुसती कच पसरली आहे, आणि चेंबरची झाकणे फरशीच्या पातळीत बसत आहेत का. ठेकेदाराशी भांडू नका, फोटो काढून कनिष्ठ अभियंत्याला त्याच दिवशी पाठवा. फरशी बसल्यावर तो थर पुन्हा कोणी उघडून बघत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी तोच नकाशा घेऊन पुन्हा चाला. कुठे पाणी साचले, कुठे फरशी हलते, कुठल्या टेबलटॉपसमोर तळे झाले ते त्याच क्रमांकांवर नोंदवा आणि दोषदायित्वाचा कालावधी संपण्याआधी लेखी द्या. माझ्या त्या १.२ किलोमीटरच्या ट्रॅकवर ही फेरी आम्ही केली असती, तर सतरापैकी निदान पाच-सहा तोंडे ठेकेदाराच्याच खर्चात दुरुस्त झाली असती. तुमच्या थांबा ते शाळा रस्त्यावर किती तोंडे आहेत ते मोजून कळवा, आणि पहिल्या फेरीचे फोटो पाठवा. कोणते तीन सांधे आधी घ्यायचे ते मी पाहून सांगेन.